चेनसॉच्या चेनला धार लावायचं टेबल-मशीन : घेण्याआधी एवढं बघा



मागच्या मिटिंगमध्ये ठराव झाला की सोसायटीच्या चेनसॉंसाठी धार लावायचं लाइटवरचं मशीन घ्यायचं, टेबलाला बोल्टने बसवायचं ते. ठराव लगेच झाला, पण कोणतं मशीन घ्यायचं यावर अर्धा तास नुसता गोंधळ. एक जण म्हणाला, "ऑनलाइन तीन हजारात मिळतंय, मागवून टाका." मागून दुसरा म्हणाला, "सचिवांनी मागच्या साली तेच केलं होतं की!"

दुसऱ्याचं म्हणणं खरं आहे. मागच्या सालची चूक माझी होती, आणि ती सोसायटीच्या पैशाने झाली. त्यातून एका सभासदाला टाकेही पडले. म्हणून या वेळी खरेदीच्या आधी सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांनी चेनसॉ कधी हातात घेतला नाही त्यांनीही वाचावं, कारण पैसा सगळ्यांचा आहे. नांदेड, देगलूर, आदिलाबादकडच्या आपल्या नातेवाइकांच्या सोसायट्यांनाही हे पाठवा, त्यांचंही काम हेच आहे.

मच्छीमाराला चेनसॉ कशाला?

हा प्रश्न नवीन लोक विचारतात. उत्तर तलावातच आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावर आणि उघड्या पडलेल्या पोटात वेडी बाभूळ माजते. इथले तेलुगू लोक तिला 'सरकार तुम्मा' म्हणतात. हे झाड आपल्याकडचं नाही. १८७७ च्या सुमारास जमैकाहून बी आणून ते आंध्रातल्या कडप्पा भागात लावलं गेलं आणि पुढे सगळीकडे पसरलं. तोडलं तर बुंध्यातून परत फुटतं.

पावसाळ्यात तलाव भरला की हीच झुडपं पाण्याखाली जातात. वरून काही दिसत नाही. आपण ओढायचं जाळं टाकतो आणि ते खाली खुंटाला अडकतं. जाळं फाटतं, मासा निसटतो, आणि सोडवायला पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायात काटा जातो तो वेगळाच. २०१६ पासून तेलंगण सरकार तलावात मोफत बोटुकली सोडतंय, पण बोटुकली मोठी होऊन जाळ्यात आली तरच आपल्या पोटाला मिळणार. म्हणून एप्रिल-मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, जाळं ओढायच्या पट्ट्यातली बाभूळ साफ करावी लागते. सगळी काढायची नाही. कडेची थोडी झुडपं मरळला आडोसा म्हणून राहू द्यायची. आणि तोडण्याआधी लेखी परवानगी घ्यायची. २००२ च्या 'वाल्टा' कायद्यात झाडतोडीला परवानगी लागते, ते कागद ऑफिसातल्या फाइलमध्ये लावलेले आहेत.

आता अडचण अशी की आपलं लाकूड जंगलातल्या लाकडासारखं स्वच्छ नसतं. बुंध्याला गाळ सुकून चिकटलेला असतो, सालीत वाळू असते. चेन वाळूला लागली की काही सेकंदात धार जाते. एकदा जरी जमिनीला टेकली तरी संपलं. म्हणून लाकूडतोड्याची चेन जेवढी चालते तेवढी आपली चालत नाही. धारेचा खर्च आपल्याला जास्त आहे, तो त्यामुळे.

आधी चेन कशी कापते ते समजून घ्या

मशीन निवडायचं तर दाता कळला पाहिजे. ही गोष्ट मला बालानगरच्या एका म्हाताऱ्या कारागिराने समजावली. टूल-कटरला धार लावण्यात त्यांचा जन्म गेलाय. (बालानगरला अशी कामं करणारे बरेच आहेत. सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन तिथंच १९६८ पासून आहे.)

पूर्वीच्या चेनसॉचे दाते हातकरवतीसारखे सरळ, टोकदार होते. ते लाकूड ओरबाडायचे आणि लवकर बोथट व्हायचे. अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या माणसाने लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अळी बघितली. ती अळी डावीकडे-उजवीकडे जबडा चालवत आडवं-उभं कसंही लाकूड खात जायची. त्याने तसाच दाता बनवला, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा, आणि १९४७ साली पोर्टलंड शहरात चेनचा कारखाना काढला. आज आपण वापरतो ती चेन त्याच जातीची आहे.

दाता हातात धरून बघा. मागच्या बाजूला वाकवलेलं पातं असतं. त्याची वरची कड लाकडाचा कपचा काढते, बाजूची कड कपचा कापून सोडवते. दात्याच्या पुढे एक लहान उंचवटा असतो, तो डेप्थ गेज. आपली पोरं त्याला नुसतं 'गेज' म्हणतात. गेज स्वतः कापत नाही. दात्याने एका वेळी किती खोल खायचं, ते गेज ठरवतं. दात्याची कड गेजपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर वर असते. म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडींएवढी. ०.४०४ इंच पिचच्या मोठ्या चेनला हे अंतर ०.८० मिलिमीटर असतं. एवढ्याशा फरकावर सगळं काम चालतं.

चेनला ७२ ड्राइव्ह लिंक असतील तर साधारण ३६ दाते असतात, १८ डावे आणि १८ उजवे. हे सगळे एकाच लांबीचे, एकाच कोनाचे हवेत. डावे लांब आणि उजवे आखूड झाले की सॉ सरळ जात नाही, एका बाजूला वळत जातो आणि बार लाकडात अडकतो.

मागच्या साली काय झालं

आपल्याकडे तीन सॉ आणि आठ चेनी. दुकानात धार लावून घ्यायला एका चेनला शंभर रुपये पडत होते. सीझनमध्ये आठवड्याला बारा-एक चेनी जायच्या. शिवाय नेणं-आणणं, आणि चेन येईपर्यंत माणसं बसून. म्हणून मी ३,२०० रुपयांचं एक लहान मशीन ऑनलाइन मागवलं. फोटोत छान दिसत होतं.

पहिल्या दिवशी सगळे खूष. दाते चकचकीत. दुसऱ्या दिवशी तीच चेन अर्ध्या तासात बोथट. परत धार लावली, परत बोथट. मग आम्ही जास्त दाबून घासायला लागलो. दात्यांच्या टोकाला निळा रंग आला. आम्हाला वाटलं, ऑइल असेल.

कारागिराने त्या चेनी बघितल्या आणि कपाळाला हात लावला. निळा रंग म्हणजे दाता तापला. पोलाद एका हद्दीच्या वर तापलं की त्याचा कस जातो, मग धार लावली तरी टिकत नाही. त्यांनी पकडीचा दांडा हलवून दाखवला. पकड एवढी ढिली होती की चाक लागलं की दाता मागे सरकायचा. डावे दाते एका मापाचे, उजवे दुसऱ्याच. तीन चेनी भंगारात गेल्या.

पण खरं नुकसान पुढे झालं. चेन कापत नाही म्हणून एका तरुण सभासदाने कुठंतरी ऐकून गेज घासून खाली केले, तेही अंदाजाने. आता दाता एका वेळी जरुरीपेक्षा जास्त खायला लागला. सॉ लाकडाला हिसके देऊ लागला. तिसऱ्या दिवशी बारचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि सॉ उलटा उसळला. याला किकबॅक म्हणतात. टोक लाकडाला लागलं की किकबॅक चांगल्या चेनलाही होऊ शकतो, पण गेज खाली गेलेले असले की तो फार जोरात होतो. चेन त्याच्या डाव्या हाताला लागली. पुढच्या दांडीचा ब्रेक चालू होता म्हणून चेन थांबली, नाहीतर हात गेला असता. अकरा टाके, आणि दीड महिना पाण्यात उतरायचं नाही. ज्याचं घर रोजच्या मासळीवर चालतं त्याला दीड महिना म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या पोराला मी दोष देत नाही. मशीन मी आणलं, आणि ते कसं वापरायचं ते कुणालाच शिकवलं नाही.

पहिला प्रश्न : मशीन हवंच का?

एक सॉ असेल, कधीमधी वापर असेल, तर टेबल-मशीनची गरज नाही. गोल कानस आणि कोन दाखवणारी पट्टी पुरते. दर दात्याला दोन-तीन हात, सगळे सारखे. कामाच्या जागी, पेट्रोल भरताना, पाच मिनिटांत होतं. कानसने दाता तापत नाही, हा तिचा मोठा गुण.

मशीन कधी हवं? सॉ दोन-तीन किंवा जास्त असतील, चेनी भरपूर असतील, आणि दाते दगडाला लागून तुटत असतील तेव्हा. तुटका दाता कानसने सरळ करायला तास लागतो, मशीनवर मिनिटं लागतात. शिवाय सगळे दाते परत एका लांबीवर आणायचं काम मशीनवर नीट होतं. आपलं काम या प्रकारातलं आहे. म्हणून मशीन हवं. पण मशीन आलं म्हणून कानस फेकायची नाही. रोजची धार कानसने, आणि बिघडलेली चेन मशीनवर.

आता मशीन निवडताना काय बघायचं

१) आपली चेन कोणती ते आधी

जाळं घेताना आधी आस विचारतो ना, तसं इथं पिच विचारायचं. आस गाठीपासून गाठीपर्यंत मोजतात. चेनचं पिच रिव्हेटवरून मोजतात : लागोपाठ तीन रिव्हेट घ्या, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा, त्याचं अर्धं म्हणजे पिच. बहुतेक बारवर मागच्या बाजूला ते कोरलेलंही असतं. बाजारात मुख्य चार प्रकार दिसतात : ३/८ इंच लो-प्रोफाइल (लहान सॉ), ०.३२५ इंच, ३/८ इंच आणि ०.४०४ इंच (मोठे सॉ). आपले तिन्ही सॉ ०.३२५ चे आहेत.

२) चाकाची जाडी

पिचप्रमाणे चाक बदलतं. वर्कशॉपच्या भाषेत लक्षात ठेवा : ३/८ लो-प्रोफाइल आणि ०.३२५ ला एक सूत, म्हणजे ३.२ मिलिमीटरचं चाक. ३/८ आणि ०.४०४ ला दीड सूत, म्हणजे ४.८ च्या आसपास. गेज घासायला दोन सूत, म्हणजे ६ मिलिमीटर. जाड चाक लहान दात्यात घातलं तर ते दात्याखालच्या पट्टीला खाच पाडतं, आणि चेन तिथून तुटते. मशीनसोबत कोणती चाकं येतात ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेच चाक परत कुठं मिळेल ते विचारा.

३) चाकाचा व्यास आणि मधलं भोक

स्वस्त लहान मशीनला साधारण १०० ते १०८ मिलिमीटरचं चाक असतं आणि भोक प्रत्येकाचं वेगळं. मजबूत मशीनला १४५ मिलिमीटरचं चाक आणि २२ मिलिमीटरचं भोक हा चालू साइज आहे. १४५ चं चाक अनेक कंपन्या बनवतात, म्हणून ते मिळतं. लहान मशीनचं चाक संपलं की तेच शोधत फिरावं लागतं. आमचं तसंच झालं. मशीन चालू, पण चाक नाही.

४) पकड

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. चेन धरायची पकड हलली की बाकी सगळं वाया. दुकानात मशीनला चेन लावा, पकड आवळा, आणि दात्याला बोटाने जोरात मागे-पुढे ढकला. जरा जरी हलला तर मशीन ठेवा आणि बाहेर या. मग चाकाचा दांडा वर-खाली करून बाजूला हलवून बघा. त्यातही खेळ नको. पकड आणि दांडा प्लास्टिकचे असतील तर विचारच नको, लोखंड किंवा ॲल्युमिनियमचे ओतीव हवेत. महागड्या मशीनला चाक खाली आणलं की पकड आपोआप आवळणारी सोय असते. रोज वीस-तीस चेनी करणाऱ्या दुकानाला ती ठीक, आपल्याला हाताची मजबूत पकड पुरते.

५) कोन

साध्या चेनला वरच्या पात्याचा कोन साधारण ३० अंश ठेवतात, काही चेनींना २५. चेनच्या डब्यावर लिहिलेलं असतं. पकड दोन्ही बाजूंना फिरली पाहिजे, म्हणजे डावे-उजवे दोन्ही दाते होतील. अंशांच्या खुणा कोरलेल्या हव्यात, चिकटवलेला कागद नको. ऑइल लागलं की कागद आठवड्यात निघतो. काही चेनींना दाता खाली-वर १० अंश कललेला लागतो. ती सोय असलेली पकड मिळाली तर चांगलं.

६) मोटर आणि लाइट

लोक आधी वॅट विचारतात. धार लावायला फार ताकद लागत नाही. लहान मशीन शंभरच्या आसपास वॅटची असतात, मजबूत मशीन दोनशे-तीनशेची. वॅट जास्त म्हणून मशीन चांगलं, असं नाही. आपल्याला बघायचं ते हे : प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं हवं. कुणाचा पाहुणा अमेरिकेहून ११० व्होल्टचं मशीन आणून देतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा, इथं ते जळेल. आणि चाकावर छापलेले जास्तीत जास्त फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. मोठं मशीन मिनिटाला साधारण २,८०० फेरे घेतं, लहान मशीन ५,००० च्या पुढेही जातं. कमी फेऱ्यांचं चाक लहान मशीनला लावलं तर ते फुटून तोंडावर येऊ शकतं.

७) कव्हर आणि थांबा

चाकावर लोखंडी कव्हर, डोळ्यांपुढे पारदर्शक पाटी, आणि किती खोल घासायचं ते ठरवणारा स्क्रू-थांबा. थांबा नसेल तर प्रत्येक दाता हाताच्या अंदाजाने होतो. मग छत्तीस दाते छत्तीस मापांचे.

चाक साधं की सीबीएन?

साधं चाक ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, गुलाबी किंवा पांढरं. स्वस्त, पण घासून लहान होत जातं आणि अधूनमधून ड्रेसिंगच्या दगडाने त्याची कड गोल करून घ्यावी लागते. सीबीएनचं चाक पोलादाच्या तबकडीवर बारीक कठीण दाण्यांचा थर लावलेलं असतं. ते झिजून लहान होत नाही, ड्रेसिंग लागत नाही, दाता कमी तापतो. पण महाग आहे. माझं मत, पहिलं वर्ष साधं चाक वापरून हात बसू द्या. शिकाऊ हाताने महाग चाक खराब झालं तर परत मिटिंगमध्ये मलाच उभं राहावं लागेल. आणि कुणी कार्बाइड दात्यांची चेन घेतली असेल तर ती या दोन्ही चाकांवर होत नाही, तिला हिऱ्याचं चाक लागतं.

दुकानात जाताना

खरेदीला सिकंदराबादच्या राणीगंजला जाऊ, हार्डवेअर आणि मशीनचा मोठा बाजार तिथं आहे. तीन दुकानांची कोटेशनं घेऊ. जाताना आपली एक जुनी चेन आणि व्हर्नियर बरोबर न्यायचा. दुकानदाराला सांगायचं, "एक डावा दाता आणि एक उजवा दाता करून दाखवा." दोन्हींची लांबी मोजायची. सारखी आली तर मशीन सरळ आहे. फरक आला तर पकड एका बाजूला आहे. चालू करून दाखवायला तयार नसलेल्या दुकानातून घ्यायचं नाही. बिल पक्कं घ्यायचं, वॉरंटीवर शिक्का, आणि दोन जादा चाकं त्याच दिवशी.

मशीन आल्यावर कसं वापरायचं

चांगलं मशीनही वाईट हातात चेन जाळतं. म्हणून हे ऑफिसच्या भिंतीवर लावणार आहे.

चेन आधी ब्रशने आणि डिझेलने धुवायची, वाळू राहायला नको.

नवीन चाक लावण्याआधी त्याला लाकडाने हलकेच टकटक करायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, चाक फेकून द्यायचं. मशीन चालू केलं की पहिलं मिनिट चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही.

सगळ्यात आखूड दाता शोधायचा, त्यावर मशीन सेट करायचं. बाकीचे दाते त्याच्या मापाला आणायचे. दात्यावर मागे एक तिरकी रेघ असते. धार तिथपर्यंत आली की चेन संपली, पुढे ओढायची नाही.

चाक दात्याला टेकवायचं आणि लगेच उचलायचं. सेकंदभर, परत सेकंदभर. दाबून धरायचं नाही. निळा रंग दिसला की थांबायचं. आधी सगळे डावे, मग पकड फिरवून सगळे उजवे.

तीन-चार वेळा धार झाली की गेज तपासायचे, गेजच्या पट्टीने. डोळ्याने नाही, अंदाजाने नाही. आपल्या चेनला ०.६५ मिलिमीटर. पट्टीच्या वर आलं तेवढंच घासायचं.

झाल्यावर चेन रात्रभर ऑइलमध्ये ठेवायची, घासलेली भुकटी निघून जाते.

गॉगल किंवा तोंडाची पाटी लावल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. लुंगी, गमछा, सैल बाही नको, चाकात ओढली जाते. मशीन ऑफिसातच राहील, तलावावर न्यायचं नाही. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर चालवायचं नाही. अर्थिंग असलेलं सॉकेट आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी मी आधी बसवून घेतोय.

हिशोब

मिटिंगमध्ये विचारलं होतं, म्हणून वहीतले आकडे देतो. दुकानात धार : आठवड्याला १२ चेनी, शंभर रुपयांप्रमाणे १,२०० रुपये. सहा आठवड्यांच्या सीझनला ७,२०० रुपये.

मागच्या सालचं 'स्वस्त' मशीन : मशीन ३,२००, तीन चेनी भंगार २,७००, आणि मशीन बंद पडल्यावर राहिलेले चार आठवडे परत दुकानात ४,८००. एकूण १०,७०० रुपये. म्हणजे नुसतं दुकानात दिलं असतं तर साडेतीन हजार वाचले असते. टाके आणि औषधाचा खर्च यात धरलेला नाही.

मजबूत मशीन, दोन चाकं आणि वायरिंग धरून १८,००० रुपयांच्या आत बसवायचा माझा विचार आहे. दुकानाचे ७,२०० वाचले तर अडीच सीझनमध्ये पैसे निघतात. आणि सीझनमध्ये माणसं बसून राहत नाहीत, हा फायदा वेगळा. पण हे तेव्हाच, जेव्हा मशीन एकाच्या ताब्यात असेल. म्हणून माझा प्रस्ताव : दोन सभासद नेमायचे, त्यांना बालानगरला नेऊन चार दिवस शिकवायचं, आणि त्या दोघांशिवाय तिसऱ्याने मशीन लावायचं नाही. प्रत्येक चेनला नंबर, वहीत तारीख, कुणी धार लावली त्याची सही. गेज घासले तर तेही लिहायचं.

त्या दोघांमध्ये एक नाव मी आजच सुचवतो. ज्याच्या हाताला मागच्या साली लागलं, तोच. गेजचं महत्त्व त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? मी त्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "सचिवसाहेब, या वेळी पट्टी विसरू नका." पट्टी मी आणून ठेवलीय. मशीन यायचंय.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला ऑफिसात बसू. ज्यांच्याकडे स्वतःचा सॉ आहे त्यांनी आपली एक चेन बरोबर आणावी, पिच मोजायला शिकवतो. शंका असतील त्या तिथं विचारा, न लाजता. मागच्या साली मीही लाजलो होतो, म्हणून कुणाला विचारलं नाही.

आपला,
सचिव